वरचा एक

सात ही संख्या घ्या. ती विषम आहे, म्हणून तिची तिप्पट करा आणि वर एक मिळवा. बावीस झाले. बावीस सम, म्हणून निम्मे करा, अकरा. अकरा विषम, तिप्पट अधिक एक, चौतीस. निम्मे सतरा. असंच चालत राहा. बावन्न, सव्वीस, तेरा, चाळीस, वीस, दहा, पाच, सोळा, आठ, चार, दोन, एक. एकाशी पोचलात की थांबा.

कोंडवेळच्या शाळेतली मुलं या खेळाला ‘घरी ये’ म्हणत. एक म्हणजे घर. व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं संख्या लिहीत जायचं आणि कोण आधी घरी येतं ते पाहायचं. सत्तावीस मोठी खोडकर संख्या. ती नऊ हजारांच्या वर चढून येते आणि फरशी संपते तरी घर दिसत नाही. ज्याच्या वाट्याला सत्तावीस, त्याची मधली सुट्टी गेली. पण अखेर तीही येते.

एकही संख्या अशी नाही का, की जी घरी येतच नाही? हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं खरं उत्तर असं की, अजून कुणाला सापडलेली नाही आणि नसतेच असं कुणी सिद्धही केलेलं नाही. मुलं ‘सापडलेली नाही’ हे ऐकतात आणि ‘नाही’ एवढंच लक्षात ठेवतात. मोठी माणसंही तसंच करतात. बंदर केंद्रानं नेमकं तेच केलं.

त्या सुमाराला मासेमारीच्या नौकांवर माणूस एकच उरला होता. जाळं ओढायला, मासळी निवडायला, बर्फात भरायला यंत्रं आली होती. नौका चालवणारा तांडेल तेवढा लागे. एकटा माणूस समुद्रात कुठे आहे आणि कधी परतणार हे किनाऱ्याला कळावं, म्हणून केंद्रानं प्रत्येक नौकेला एक बोया दिला. नारळाएवढा, नारिंगी, लाटेच्या हेलकाव्यावर स्वतःपुरती वीज करणारा. दर दहा मिनिटांनी तो एक संदेश पाठवी. संदेशात आधी संख्या, मग ठिकाण.

संख्या ‘घरी ये’चीच. निघताना नौकेला शंभर अंकांची संख्या मिळे आणि दर संदेशाला ती एक पाऊल पुढे जाई. किनाऱ्यावरचं यंत्र तेच गणित करत असे, त्यामुळे वादळात काही संदेश हुकले तरी पुढच्या एका संदेशावरून कळे की किती हुकले. एवढी मोठी संख्या या गतीनं पंधरवड्याच्या आसपास एकाशी येते. नौकेतला बर्फही तेवढेच दिवस टिकतो. संख्या घरी आली की नौका घरी यायला हवी, नाही आली तर शोध सुरू. आणि संख्या एकाशी येत नाही तोवर फेरी चालू, तांडेल समुद्रात, असं कायद्यात लिहिलं गेलं.

घरोघरी भिंतीवर एक डबी आली. संख्या निम्मी झाली की त्या डबीतून जड ‘टुक्’ येई, तिप्पट झाली की बारीक ‘टिंग’. टिंगमागून टुक् ठरलेलंच, कारण विषम संख्येच्या तिपटीत एक मिळवला की उत्तर समच येतं. दोन टिंग लागोपाठ कधी येत नाहीत. टुक् मात्र कितीही येऊ शकतात. दुपारभर टुक् टुक् होत राहिलं की बायका एकमेकींना सांगत, “उतरतोय गो.”

सुगंधा चोगलेच्या घरातली डबी सहा वर्षं वाजत होती.

*

तिच्या नवऱ्याची, भालचंद्रची, नवी नौका पाण्यात उतरली त्या सकाळी निमकर नावाचा केंद्राचा अधिकारी हातयंत्र घेऊन जेट्टीवर आला होता. बोयातली संख्या जेट्टीच्या कक्षेतच घालता येई, बाहेर नाही. निमकरनं पडदा फिरवून दाखवला. पडदाभर अंक.

“हा काय आकडा?” सुगंधा म्हणाली. “शेवटी शून्य?”

“शंभर अंक आहेत सुगंधाताई. कुठेतरी शून्य येणारच.”

“कुठंतरी येऊ दे. शेवटी नको. तुम्ही लग्नाच्या पाकिटात पाचशे घालता का पाचशे एक?”

“पाचशे एक.”

“का?”

“का म्हणजे? पद्धत आहे.”

“शून्यावर मिटतं साहेब. वर एक असला की येणंजाणं राहतं. माणूस समुद्रात धाडायचा तो काय मिटलेल्या आकड्यावर?”

नौकेतून भालचंद्र ओरडला, “टाका हो वर एक. बांगड्याच्या पट्ट्यापर्यंत ही माझ्या कानात बोलत येल नायतर.”

निमकर हसला. केंद्राचं यंत्र जी संख्या देई, ती आधी स्वतः घरापर्यंत चालून पाहिलेली असे, हे त्याला माहीत होतं. तिच्या शेजारची कुणी चालून पाहिलेली नव्हती. पण घरी तर सगळ्याच येतात. त्यानं शेवटच्या शून्याचा एक केला.

भालचंद्रनं जेट्टीच्या कडीतला दोर सोडला. चोगल्यांच्या घरात त्याचीही एक रीत होती. नौका परतली की भालचंद्र कडीला गाठ मारी. तो डावरा, त्यामुळे त्याची गाठ गावात सगळ्यांपेक्षा उलट्या अंगाला पडे. गाठीनंतर दोराचं टोक तो मोकळं सोडी. त्याचा वरचा एक वेढा सुगंधा घाली. त्या वेढ्याची गरज काही नसे, गाठ पक्कीच असे. पण वेढा पडल्याशिवाय तो नौकेतून उतरत नसे.

पहिले काही दिवस ठिकाण नीट येत होतं. नौका पश्चिमेला, नेहमीच्या पट्ट्यात. डबी मात्र टिंग टुक्, टिंग टुक् करत राहिली. तिप्पट होऊन निम्मी, म्हणजे दर खेपेला दीडपट वाढ. आता संदेशात संख्येला दीडशे अंकांची जागा होती आणि तिच्यानंतर ठिकाणाची. संख्या दीडशे अंकांच्या पुढे गेली आणि ठिकाणाची जागा तिनं खाल्ली. मग तर तिचं शेपूट तेवढं संदेशात मावायचं. संख्या बोलत राहिली, ठिकाण गप्प झालं.

बर्फाचे दिवस संपले. भालचंद्र आला नाही. शोधात फळी मिळाली नाही, तेलाचा तवंग नाही, की एखादं खोकं नाही. समुद्रातले, बोयाचे संदेश ऐकणारे खांब कधी उत्तरेकडून सांगत, आवाज येतोय, कधी दक्षिणेकडून. पण अरबी समुद्रात नारळाएवढी वस्तू कशी शोधायची?

*

तिसऱ्या वर्षापासून गणिती यायला लागले. बहुतेक जण केंद्रात बसून परत जात. अवनी धर्माधिकारी तेवढी राहिली. पुण्याची मुलगी, तिशीची, मासळीचा वास आला की नाक मुरडणारी. ती चोगल्यांच्या पडवीत बिऱ्हाडाला आली आणि दोन महिन्यांत जवळा खायला शिकली.

“मावशी,” एक दिवस ती म्हणाली, “तुमची डबी एक पाऊल टाकायला दहा मिनिटं घेते. माझं यंत्र तेवढ्यात काही शतकं पुढे जाऊन येतं.”

सुगंधा करंदी सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. “मग सांग की. येतो का घरी?”

“जिथवर पाहिलं तिथवर नाही.”

“म्हणजे येणारच नाय?”

“ते मी म्हणू शकत नाही. ‘जिथवर पाहिलं तिथवर’ एवढंच.”

“तुमच्या शाळेत सरळ बोलायला शिकवत नायत वाटतं.”

अवनीनं पडद्यावर एक चित्र उघडलं. डोंगरांची रांग असावी तशी रेघ. शंभर अंकांपासून निघून हजारो अंकांपर्यंत चढलेली, पुन्हा ढासळलेली, पुन्हा चढलेली. त्यात एका ठिकाणी खोल दरी होती आणि दरीच्या पलीकडे रेघ चढत चढत पडद्याच्या बाहेर गेली होती.

“या दरीत संख्या दीडशे अंकांच्या खाली येते. जेमतेम तासभर. सहा संदेश.”

करंदीचं टोपलं सुगंधानं बाजूला सरकवलं.

“म्हणजे ठिकाण मावेल,” अवनी म्हणाली. “त्या तासात ठिकाण येईल. त्याच्या आधी नाही, आणि नंतर, जिथवर पाहिलं तिथवर, कधीच नाही.”

“कवा?”

“पुढच्या महिन्यात. सकाळची वेळ आहे.”

डबी ‘टिंग’ वाजली. दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. मग सुगंधानं विचारलं, “निमकर साहेबानं आधी दिला होता तो आकडा? शून्यवाला?”

अवनीला हा प्रश्न नको होता. “तो घरी येतो. सोळाव्या दिवशी.”

“म्हणजे माझा वरचा एक.”

“मावशी, एक मिळवल्यानं नौका बुडत नाही.”

“बुडली असं कोण म्हणतंय?” सुगंधा म्हणाली आणि पुन्हा करंदी सोलायला लागली.

*

सुगंधाची मुलगी केतकी बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. लग्न ठरून दीड वर्ष झालं होतं. नवऱ्या मुलाकडची माणसं भली, पण गोंधळलेली. मुलीचा बाप आहे म्हणायचं की नाही?

“पत्रिकेत काय छापू आये?” केतकी म्हणाली. “श्रीयुत भालचंद्र चोगले, आणि कंसात, फेरीवर?”

“छाप की. फेरीवरच हाय.”

“सहा वर्षं?”

“कायदा काय म्हणतो?”

“कायदा कुणी केला? ज्यांना वाटलं सगळे आकडे घरी येतात त्यांनी.” केतकी आईच्या समोर बसली. “निमकर साहेब म्हणालेत, तू सही दिलीस तर आकडा बंद करता येतो. खांब ऐकायचे थांबतील. डबी थांबेल. आपण रडून मोकळ्या होऊ. मला त्यांच्यासाठी रडायचंय गो. ही मेली डबी रडू देत नाही. रडायला बसलं की वाजते.”

सुगंधानं मुलीच्या केसात अडकलेला बर्फाचा भुसा काढला.

“तो तास जाऊ दे,” ती शेवटी म्हणाली. “ठिकाण कळू दे. मग तू म्हणशील तिथं सही करते.”

“आणि ठिकाण समुद्राच्या तळाशी निघालं तर?”

“तळाशी तर तळाशी. ठिकाण तरी असेल.”

*

त्या सकाळी ऊन लख्ख होतं. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. केंद्राच्या खोलीत सुगंधा, केतकी, अवनी आणि निमकर एवढेच होते. बाकी गाव खाली जेट्टीवर जमलं होतं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. रात्रीपासून डबी नुसती टुक् टुक् करत होती, मध्येच एखादं टिंग. सगळ्या गावानं ते ऐकलं होतं.

पहिला संदेश आला. पडद्यावर संख्या उमटली आणि तिच्या शेवटी, सहा वर्षांनी, ठिकाण.

निमकरनं ते नकाशावर लावलं. पुन्हा लावलं.

“कुठं?” सुगंधा म्हणाली.

“चुकलं असेल.”

“कुठं, साहेब?”

“इथेच. पाच मैलांवर. बंदरासमोर.”

चौघंही खिडकीशी गेले. पाच मैल म्हणजे नजरेतलं अंतर. पश्चिमेला समुद्र क्षितिजापर्यंत उघडा पडला होता. त्यावर काही नव्हतं. निमकरनं दोन नौका तिकडे पिटाळल्या.

दुसरा संदेश आला तेव्हा ठिकाण एक मैल जवळ सरकलं होतं. तिसऱ्याला आणखी एक.

“बोया वाहत येत असेल,” अवनी म्हणाली. “प्रवाहाबरोबर.”

“ओहोटी आहे,” निमकर हळूच म्हणाला. “पाणी बाहेर चाललंय. आणि दहा मिनिटांत मैल, ही काय वाहत्या वस्तूची चाल आहे?”

मग कसली चाल, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कोंडवेळच्या पोरालाही नौकेची चाल ठाऊक असते.

चौथ्या संदेशाच्या वेळी गेलेल्या नौकांवरून आवाज आला, “साहेब, आम्ही त्या जागेवरून आत्ता पार झालो. काय पण नाय. साफ हाय.” पाचवा संदेश आला तो त्या नौकांच्या मागून, किनाऱ्याच्या बाजूनं. सहावा बंदराच्या तोंडातून.

सातव्या संदेशात संख्या पुन्हा दीडशे अंकांच्या वर होती. ठिकाण नव्हतं. तास संपला होता.

कुणी काही बोलायच्या आधी निमकरच्या खिशातलं हातयंत्र वाजलं. त्यानं ते बाहेर काढलं आणि कितीतरी वेळ नुसतं धरून ठेवलं. पडद्यावर हिरवा ठिपका होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, नौका कक्षेत.

सुगंधा जिना उतरायला लागली होती.

*

जेट्टीवरच्या माणसांनी तिला वाट दिली. भालचंद्रची जागा दक्षिणेच्या टोकाला, ती सहा वर्षं कुणी वापरली नव्हती. खाली हिरवं पाणी स्तब्ध होतं. जेट्टीच्या भिंतीला टांगलेला जुना टायर करकरला, नौका टेकल्यावर करकरतो तसा. मग थांबला. “लाट असेल,” मागून कुणीतरी म्हणालं. लाट नव्हती.

“सुगंधाताई,” निमकर धापा टाकत आला, “कक्षेत आहे तोवर संख्या बदलता येईल. किती वेळ आहे, सांगता येत नाही.”

“बदला,” केतकी म्हणाली. “एक घाला. फेरी इथंच संपवा. आये, ऐक माझं.”

सुगंधा पाण्याकडे बघत होती. एक घातला तर तो या क्षणी संपणार. नाही घातला तर दरीच्या पलीकडच्या त्या रेघेवरून वर, अजून वर, पडद्याच्या बाहेर.

“अवनीबाय,” ती म्हणाली, “आकडा बदलला तर हा आत्ताचा कुठं जाईल?”

“कुठेच जात नाही मावशी. संख्या असतातच. आपण लिहिल्या काय, पुसल्या काय.”

“म्हणजे तो चढतच राहणार?”

“हो. पण त्याच्यावर कुणी बसलेलं नसेल.”

सुगंधानं मान हलवली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

“साहेब, शून्यवाला आकडा हाय का तुमच्याकडं?”

निमकरकडे तो होता. सहा वर्षं होता. “आहे.”

“तोच घाला.”

“आये, म्हणजे पुन्हा पंधरा दिवस?” केतकी म्हणाली. “कशाला?”

“एवढी वर्षं फिरवलाय मी त्याला. एकदा सरळ वाटेनं येऊ दे.” तिनं मुलीचा हात धरला. “माझा एक मी मागे घेते. मग तू म्हणशील तसं.”

निमकरनं संख्या घातली. शेवटच्या शून्यावर त्याचं बोट क्षणभर अडलं. मग त्यानं बटण दाबलं. पडद्यावर ‘स्वीकारली’ असं आलं आणि हिरवा ठिपका विझला. टायर पुन्हा एकदा करकरला, या वेळी सुटल्यासारखा.

दोघी घरी आल्या आणि डबीसमोर बसल्या. डबीतून आलं, टुक्.

*

आता संख्या लहान होती, म्हणून प्रत्येक संदेशाबरोबर ठिकाण येत होतं. केंद्राच्या नकाशावर ठिपका बंदरातून बाहेर पडला आणि पश्चिमेला निघाला. चौथ्या दिवशी तो बांगड्याच्या पट्ट्यात पोचला आणि तिथे जाळं टाकून फिरावं तसा फिरत राहिला. गावातल्या नौका त्या ठिकाणी गेल्या. दिसलं कुणालाच काही नाही. पण त्या पंधरवड्यात त्या पट्ट्यात कुणाला बांगडाही लागला नाही. जाळी रिकामी येत होती, कुणीतरी नुकताच ओढून गेल्यासारखी. तांडेल परत येऊन हे सांगत.

अवनीनं या दिवसांत गणिताला हात लावला नाही. ती सुगंधाबरोबर बाजारात जाऊन बसे. एकदा म्हणाली, “मावशी, मला याचं काहीच सांगता येत नाही. बोया चुकीचं ठिकाण पाठवतोय असं म्हणता येईल. पण इतकं बरोबर चुकीचं?”

“तुला कुणी विचारलंय का?” सुगंधा म्हणाली. “सुरमई बघ नीट. माशी बसली.”

केतकीनं पत्रिका छापायला टाकल्या नव्हत्या. ती कारखान्यातून येऊन डबीखाली झोपे. आता डबी वाजली तरी तिला राग येत नसे. एका संध्याकाळी सुगंधानं पाहिलं, पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि दोन आवाजांच्या मधल्या दहा मिनिटांत तिचं रडणं थांबत नव्हतं. आई तिच्या पाठीशी जाऊन बसली.

ठिपका परत फिरला. सोळाव्या दिवशी उजाडताना तो बंदराच्या तोंडात होता. पुढचं गणित गावातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. सोळा. टुक्. आठ. टुक्. चार. टुक्. दोन. टुक्.

एक.

डबी थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पुढचा आवाज यायचा उरला नव्हता. चुलीवरचं पाणी उकळताना ऐकू आलं.

सुगंधा जेट्टीवर पोचली तेव्हा पूर्ण ओहोटी लागली होती. भरतीत पाण्याखाली असतात त्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळानं काळ्या. केतकी तिच्या मागे होती. वर निमकर हातयंत्र घेऊन उभा होता. संख्या एकाशी आली की त्याला दोनांतली एक नोंद करावी लागे, नौका परतली किंवा शोध सुरू.

शेवटच्या पायरीशी, सगळ्यात खालच्या कडीला, बोया बांधलेला होता.

नारिंगी रंग कुठेच उरला नव्हता. कालवांचा आणि शिंपल्यांचा वीतभर थर चढला होता, सहा वर्षांचा. पण त्याला कडीशी बांधणारा दोर स्वच्छ होता. त्यावर शेवाळाचा एक धागा नव्हता. केतकी खाली वाकली आणि तशीच राहिली. गाठ उलट्या अंगाला पडलेली होती.

“आये,” ती म्हणाली.

“बघितली.”

गाठ पक्की होती. दोराचं टोक मोकळं सोडलेलं होतं, एका वेढ्यापुरतं.

“ताई,” निमकर वरून म्हणाला, आवाज शक्य तेवढा खाली ठेवून, “नोंद काय करू?”

सुगंधा त्या निसरड्या पायरीवर बसली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं भिजलं. तिनं दोराचं टोक हातात घेतलं. घट्ट धरलं, कारण ते ओढत होतं. नारळाएवढ्या बोयाची ओढ ती नव्हती. ओहोटीच्या पाण्यात पूर्ण भरलेली नौका मागे खेचते, तशी होती. तिनं सावकाश, घाई न करता, कडीवरून एक वेढा घातला आणि टोक खाली खोचलं.

वेढा पडला तशी ओढ थांबली. दोर तिच्या तळहातात सैल झाला. कुणीतरी उतरल्यावर नौका हलकी होऊन जराशी वर येते, आणि दोर सैल पडतो, तसा.

तिनं आणखी थोडा वेळ हात तिथेच ठेवला. मग कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं, मुलीचा आधार घेऊन उठली, आणि वर बघितलं.

“परतली,” ती निमकरला म्हणाली. “लिहा.”